शून्यावर परत आलेलं चाक

खिशातली कुठलीही नोट काढा आणि तिच्या क्रमांकाकडे जरा निवांत बघा. आधी अंक-अक्षरांचा एक छोटा गट, त्यापुढे सहा आकडे. नोटेवर पाहण्यासारखं बरंच असतं: जलचिन्ह, सुरक्षा धागा, बोटाला जाणवणारी उठावाची छपाई. क्रमांकाकडे लक्ष जातं ते नोट फाटली तरच. माझ्या मते मात्र नोटेवरची सर्वांत खोल गोष्ट तीच. त्या सहा आकड्यांमागे टोपोलॉजीतलं एक फार देखणं प्रमेय फिरत असतं, अगदी शब्दशः फिरत असतं.

नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२६ पासून ती इथे छापली जाऊ लागली. पाठोपाठ १९२८ साली करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि नोटाही इथेच छापल्या जाऊ लागल्या.

नोटांवर क्रमांक टाकण्याचं जुनं आणि भरवशाचं साधन म्हणजे नंबरिंग बॉक्स. बिलबुकं छापणाऱ्या गल्लीतल्या छापखान्यातही त्याचं धाकटं भावंड दिसेल. एकाच आसावर शेजारी शेजारी बसवलेली चाकं, प्रत्येकाच्या कडेवर ० ते ९ हे उठावाचे आकडे. दर छापाला एककाचं चाक एक घर पुढे सरकतं. नवावरून शून्यावर येताना ते दशकाच्या चाकाला एक धक्का देतं, दशकाचं शतकाला, असं पुढे. खऱ्या यंत्रात हे सगळं झटक्याझटक्याने होतं. आपण मात्र एककाचं चाक संथ, सलग फिरतंय असं धरू. सातावरून आठावर जाताना ते सव्वासात, साडेसात, पावणेआठ या सगळ्यांतून जातं, आणि मागेही फिरू शकतं.

आता बाकीची चाकं झाका. फक्त एककाचं चाक दिसू द्या. त्यावर ७ आहे. क्रमांक किती? ७ असेल, १७ असेल, ४३१७ असेल. उलटं फिरवायची मुभा दिली तर शून्याच्या मागचा −३ सुद्धा असेल. एका सातावर अनंत क्रमांक बसलेले आहेत. खाली एक वर्तुळ आहे, म्हणजे चाक. वर एक न संपणारी सरळ रेषा आहे, म्हणजे क्रमांक. वर्तुळातल्या प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर रेषेवरचे अनंत बिंदू आहेत, बरोब्बर दहा-दहाच्या अंतराने.

एवढ्याने काम भागत नाही. महत्त्वाची अट पुढची आहे. चाकाचा एक लहानसा तुकडा घ्या, समजा साडेसहा ते साडेसात. त्याच्यावर रेषेचे कोणते भाग येतात? साडेसहा ते साडेसात, साडेसोळा ते साडेसतरा, साडेसव्वीस ते साडेसत्तावीस, आणि असेच पुढे-मागे. हे तुकडे एकमेकांना कुठेही चिकटलेले नाहीत आणि त्यांतला प्रत्येक तुकडा खालच्या तुकड्याची हुबेहूब नक्कल आहे. चाकाच्या प्रत्येक बिंदूजवळ असा एखादा लहान तुकडा सापडतो. वरची जागा खालच्या जागेवर अशी नकला-नकलांनी पसरलेली असली, की टोपोलॉजीत तिला आच्छादन किंवा कव्हरिंग स्पेस म्हणतात. रेषा हे वर्तुळाचं आच्छादन आहे. व्याख्या इतकीच. पण या एवढ्याशा व्याख्येतून जे निघतं ते पहिल्यांदा वाचताना खरं वाटत नाही.

समजा कुणीतरी एककाच्या चाकाचं चित्रण केलं आहे, फक्त त्या एका चाकाचं. सोबत एकच गोष्ट सांगितली आहे: सुरुवातीला पूर्ण क्रमांक ४३१७ होता. चाक पुढे गेलं, थबकलं, मागे आलं, पुन्हा पुढे धावलं. शेवटी पूर्ण क्रमांक काय होता ते सांगता येईल का?

येईल. आणि नुसता शेवटचा नाही, प्रत्येक क्षणीचा येईल. चाकाच्या चालीला खालची वाट म्हणा. तिच्या बरोब्बर वर राहून रेषेवरून जाणारी वाट म्हणजे त्या वाटेची लिफ्ट. प्रमेय असं: खालची वाट सलग असेल आणि वर कुठून निघायचं ते ठरलेलं असेल, तर लिफ्ट असतेच आणि एकच असते. वर चालणाऱ्याला कसलंही स्वातंत्र्य नाही. निघायची जागा निवडली, की पुढचं प्रत्येक पाऊल खालचं चाक ठरवतं.

सिद्धता चार ओळींची आहे. चित्रणाचे इतके बारीक तुकडे करा, की प्रत्येक तुकड्यात चाक एकाच लहान कमानीत राहील. पहिल्या तुकड्यात चाक साडेसहा ते साडेसातमध्ये आहे आणि आपण वर ४३१७ जवळच्या नकलेत आहोत. शेजारची नक्कल ४३२७ जवळ, पार तुटक. तिथे पोचायचं तर उडी मारावी लागेल आणि सलग चालीत उडी बसत नाही. म्हणून त्याच नकलेत राहायचं, आणि नक्कल हुबेहूब असल्यामुळे खालच्या प्रत्येक जागेला वर एकच जागा आहे. तुकडा संपला की जिथे पोचलो तिथून पुढचा तुकडा. खरा प्रश्न एकच उरतो: हे तुकडे मोजके पुरतील, की बारीक करता करता अनंत लागतील? वेळ सुरुवात आणि शेवट असलेल्या बंद अंतरात आहे, म्हणून ते मोजकेच पुरतात. संहतता म्हणजे कॉम्पॅक्टनेस नावाची ही गोष्ट महाविद्यालयात रटाळ वाटते. ती इथे गुपचूप सगळा भार उचलते.

सलगपणाची अट शोभेची नाही, हे सिनेमा पाहणाऱ्या कुणालाही पटेल. पडद्यावर टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, कारण दोन चित्रांच्या मधे ते दोन आऱ्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त फिरलेलं असतं. आपल्या चाकाचंही तेच. दोन चित्रांच्या मधे ते पाच घरांपेक्षा कमी सरकलं असेल, तर पुढे गेलं की मागे ते निःसंशय कळतं. पाच किंवा जास्त सरकलं, तर लिफ्ट हातातून सुटली.

या कल्पनेची मुळं रीमानच्या १८५१ च्या प्रबंधात आहेत. एकाच ठिकाणी अनेक किमती घेणाऱ्या फलांना त्याने एकावर एक रचलेले थर दिले. प्वांकारेने १८९५ मध्ये वाटांचा हिशेब मांडून मूलभूत गट ही कल्पना दिली. हेरमान वाइलच्या १९१३ च्या पुस्तकाने आच्छादनांना नीट घडवलं. नंतर सेअर आणि हुरेविच यांनी उलट्या बाजूने विचार केला: वाटा ‘उचलता येणं’ हाच गुण मुख्य मानायचा आणि त्यावरच पुढचा मजला बांधायचा.

पुन्हा छपाईकडे येऊ. नोटा सुट्या सुट्या छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर अनेक छापून मग कापतात. समजा एका कागदावर चाळीस नोटा आहेत आणि शंभर कागदांची थप्पी कापून ओळीने क्रमांक असलेल्या शंभर-शंभर नोटांची बंडलं हवी आहेत. मग प्रत्येक जागेला आपला स्वतंत्र नंबरिंग बॉक्स लागतो. पहिला ००पासून, दुसरा १००पासून, तिसरा २००पासून. दर कागदाला चाळीसही बॉक्स एकेक घर सरकतात. एका कागदावरच्या सगळ्या नोटांचे शेवटचे दोन आकडे सारखे, आणि पुढचे वेगळे! खाली एकच वाट, वर चाळीस लिफ्टा, प्रत्येकीची निघायची जागा वेगळी. त्या एकमेकींना कधी भेटणार नाहीत, कारण एकदा भेटल्या तर त्या क्षणापासून दोघींना एकच होऊन चालावं लागेल, आणि मागेही तेच लागू होईल. एका कागदावरच्या दोन नोटांवर एकच क्रमांक येत नाही, याचं हे गणिती कारण.

इथपर्यंत ठीक, पण थोडं अपेक्षित. खरी गंमत पुढे आहे.

कल्पना करा, चाकाच्या दोन चाली आहेत. पहिली स्वच्छ: शून्यावरून निघून दोन पूर्ण फेऱ्या मारून पुन्हा शून्यावर. दुसरी अडखळती: तीन घरं पुढे, दोन मागे, एक फेरी, अर्धी फेरी उलटी, वगैरे वगैरे, आणि शेवटी तीही शून्यावर. आणि समजा एक बटण आहे. ते हळूहळू फिरवलं की स्वच्छ चालीचं रूपांतर सलगपणे अडखळत्या चालीत होतं. मधल्या प्रत्येक स्थितीत मिळणारी चालही शून्यावरून निघून शून्यावर संपते. अशा बटणाला होमोटोपी म्हणतात. आता एक चौकोन घ्या. त्याची एक बाजू वेळ, दुसरी बटण. चौकोनाच्या प्रत्येक बिंदूला चाकाची एक स्थिती आहे. दुसरं प्रमेय सांगतं, की हा अख्खा चौकोनच्या चौकोन वर उचलता येतो, आणि तोही एकाच प्रकारे. युक्ती तीच: चौकोनाचे लहान लहान चौकोन करा, प्रत्येकाला एकेका नकलेत बसवा आणि शिवणी जुळतात हे तपासा.

चौकोनाच्या शेवटच्या कडेवर नजर ठेवा, म्हणजे प्रत्येक चालीच्या अखेरच्या क्षणावर. तिथे चाक शून्यावर आहे, बटण कुठेही असो. म्हणजे वरचा क्रमांक ०, १०, २०, ३० यांपैकीच एखादा असणार. स्वच्छ चालीत तो २० होता. बटण फिरवताना तो सलग बदलायला हवा, कारण उचललेला चौकोन सलग आहे. पण २० वरून ३० वर सलगपणे जायचं तर मधे २१, २२, २३ लागतात, आणि तिथे थांबायची परवानगीच नाही. तिथे थांबलं तर चाकावर शून्य दिसणार नाही. तेव्हा तो कुठेच जाऊ शकत नाही. २० तो २०च राहतो. अडखळती चालही २० वरच संपते.

मला या युक्तिवादाचं अजून नवल वाटतं. इकडे सगळं लवचीक आहे: चाली अनंत, त्यांच्यातले बदल अनंत, कुठेही टोक नाही, कोपरा नाही. आणि त्या सगळ्या मऊ पसाऱ्यातून एक टणक पूर्णांक बाहेर पडतो. सलगपणाची अट कडक पाळली, म्हणूनच तो हलत नाही. टोपोलॉजीत मोजता येणारं जे काही सापडतं, त्यातलं पुष्कळसं याच रीतीने सापडतं. चाकावरच्या बंद वाटांचा पूर्ण हिशेब म्हणजे ‘किती फेऱ्या’ एवढा एक पूर्णांक. वर्तुळाचा मूलभूत गट तो हाच.

सहा चाकांच्या बॉक्समधली मर्यादाही इथे अर्थपूर्ण आहे. सहा आकडी गणक ९९९९९९ नंतर पुन्हा शून्यांवर येतो, म्हणजे वरची जागाही रेषा नसून एक मोठं वर्तुळ आहे, आणि ते एककाच्या चाकाला एक लाख वेळा वेढतं. दोन आकडी गणक दहा वेळा वेढतो, तीन आकडी शंभर वेळा. प्रत्येक मोठा गणक धाकट्याचं आच्छादन आहे आणि अमर्याद रेषा त्या सगळ्यांच्या वर आहे. (नाशिक रोडजवळच्याच देवळालीत तीसेक वर्षं शाळामास्तरकी केलेले द. रा. कापरेकर यांच्या हाती नोट पडली असती, तर त्यांनी हे काही न करता त्या आकड्यांची उलटसुलट वजाबाकी सुरू केली असती. तेही गणितच, निराळ्या घराण्याचं.)

हा टणक पूर्णांक कामाला लावला, की थोर प्रमेयंही सहज पडतात. एखादी बहुपदी घ्या, कोटी पाच. चलाला संमिश्र संख्यांच्या प्रतलात शून्याभोवती प्रचंड मोठ्या वर्तुळावर एक फेरी मारू द्या. बहुपदीची किंमत त्या वेळात शून्याभोवती पाच वळसे घेते, कारण तिथे सर्वांत मोठ्या घाताचंच राज्य असतं. आता वर्तुळ हळूहळू आकसवा, अगदी बिंदूपर्यंत. बिंदूवर वळसे शून्य. बहुपदीची किंमत वाटेत कुठेच शून्य झाली नसती, तर हे आकसणं म्हणजे एक होमोटोपी झाली असती आणि पाचाचे शून्य होऊच शकले नसते. म्हणजे कुठेतरी ती शून्य झालीच. स्थिर नसलेल्या प्रत्येक बहुपदीला उकल असते, हे गाउसच्या १७९९ च्या प्रबंधातलं प्रमेय असं हातात येतं.

दुसरं उदाहरण स्वतः करून बघण्यासारखं आहे. तळहातावर एक ताटली ठेवा. ती आडवीच राहील, सांडणार नाही, अशा बेताने हात काखेखालून आत घेऊन तिला एक पूर्ण फेरी द्या. ताटली पूर्ववत, पण कोपर वर, हात पिळवटलेला. तसंच न थांबता त्याच दिशेने आणखी एक फेरी द्या, या वेळी हात डोक्यावरून नेत. हात सुटतो! एका फेरीचा पीळ दुसऱ्या फेरीने वाढण्याऐवजी निघून गेला. कारण अवकाशातल्या सगळ्या फिरण्यांची मिळून जी जागा बनते, तिच्यावर फक्त दोन थरांचं आच्छादन आहे. तो वरचा थर हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्नियन संख्यांचा. एका फेरीची लिफ्ट निघालेल्या जागी परत येत नाही, समोरच्या टोकाला पोचते. दोन फेऱ्यांची परत येते. ही नुसती हाताची करामत नाही. न्यूट्रॉनला ३६० अंशांतून फिरवलं तर त्याच्या तरंगाचं चिन्ह उलटतं आणि ७२० अंशांनंतर तो पूर्ववत होतो, हे १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. निसर्ग वरच्या थरावर चालतो आणि आपल्याला खालचा दिसतो.

आच्छादनांच्या या गोष्टीत एक मराठी नाव फार मोठं आहे: श्रीराम शंकर अभ्यंकर. जन्म १९३० चा, उज्जैनचा. बालपण ग्वाल्हेरात, वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते हार्वर्डला गेले आणि गणितज्ञ झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढचं बहुतेक आयुष्य अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात गेलं; पण १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं तेही त्यांनीच. त्यांना जे दिसलं ते असं, की वाटच नसलेल्या जगातही आच्छादनं असतात.

दहावीचं वर्गसमीकरण आठवा: य(य − १) = क्ष. दर क्षला यच्या दोन किमती, म्हणजे क्षच्या जगावर दोन थर. पण विवेचक १ + ४क्ष आहे. क्ष = −१/४ झालं की तो शून्य होतो आणि दोन्ही थर तिथे एकमेकांना चिकटतात. चिकटले की ते आच्छादन राहिलं नाही. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर हे टाळता येत नाही: तिथे भोक नाही, प्रत्येक बंद वाट आकसून बिंदू होते, म्हणून एकाच जोडलेल्या तुकड्याचं, पण एकाहून जास्त थरांचं आच्छादनच शक्य नाही. आता अशा संख्यांच्या जगात चला जिथे १ + १ = ०. तिथे ४ म्हणजेही शून्य, म्हणून विवेचक नेहमी १. तो शून्य होतच नाही! यची एक किंमत चालली तर य + १ सुद्धा चालते, आणि त्या दोन कधीही एक होत नाहीत. ज्या रेषेवर आच्छादनच नसायला हवं होतं, तिच्यावर दोन थरांचं आच्छादन मिळालं. दोनाऐवजी ३, ५, ७ अशी कुठलीही मूळ संख्या शून्य मानली तरी अशीच समीकरणं निघतात. या जगात सलग चालणारं चाक नाही, बटण नाही, चित्रण नाही. फक्त थर आहेत आणि ते थर आपसांत कसे अदलाबदल करता येतात याचा गट आहे. वाटांवरून आच्छादनं समजून घ्यायची, हा जुना क्रम इथे उलटतो. पुढे ग्रोथेंडीकने मूलभूत गटाची व्याख्याच आच्छादनांवरून केली.

‘बैजिक वक्रांची आच्छादनं’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा अभ्यंकरांचा शोधनिबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. वय सत्तावीस. त्यात त्यांनी अंदाज बांधला, की त्या जगातल्या रेषेवर नेमके कोणते सांत गट आच्छादनांचे गट म्हणून येतील. कसोटी अगदी सुटसुटीत होती: जी मूळ संख्या शून्य मानली आहे, तिच्या घाताइतक्या आवर्तनांत मूळ जागी येणाऱ्या घटकांनी जो गट पूर्ण तयार होतो, तो येईल; जो होत नाही, तो येणार नाही. रेषेखेरीज बाकीच्या वक्रांसाठीही असाच अंदाज होता. हे सगळं खरं ठरायला सदतीस वर्षं लागली. रेषेचा भाग फ्रान्सच्या मिशेल रेनो यांनी आणि बाकीच्या वक्रांचा अमेरिकेच्या डेव्हिड हार्बेटर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केला. त्याबद्दल दोघांना १९९५ चं कोल पारितोषिक मिळालं. अभ्यंकर तोवर निरनिराळ्या गटांसाठी प्रत्यक्ष समीकरणं लिहून दाखवण्यात रमले होते, साधी, दोन-तीन पदांची, शाळकरी पोराला वाचता येतील अशी. २०१२ मध्ये ते गेले तेव्हाही कामाच्या टेबलापाशीच होते.

त्यांच्या कसोटीने कोणते सांत गट येतात ते कळतं. ते सगळे एकमेकांत गुंफून रेषेचा जो एक प्रचंड मूलभूत गट बनतो, त्याचं संपूर्ण वर्णन अजून कुणालाही करता आलेलं नाही.